गेलेले आणि राहिलेले

ब्लूमिंग्टन, इंडियाना
ऑगस्ट 2025

चि. ओंकारास,


लेक्झिंग्टनला जाऊन तुला वर्ष होतंय आणि तू अस्सल केंटकीवाल्यासारखा तावातावाने लिहायला लागलास! ट्रॅव्हिस पेरी केंटकीचा संघ सोडून ओल मिस विद्यापीठाकडे गेला म्हणून तू त्याला सरळ गद्दार ठरवलंस. तिथलाच पोरगा, राज्याच्या शालेय बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुणांचा विक्रम त्याच्या नावावर, तो एका वर्षात जातोच कसा? पण बाबा रे, तुमचा आधीचा प्रशिक्षक कॅलिपारी पंधरा मोसम काढून 2024 मध्ये तुमच्याच एसईसी गटातल्या आर्कान्सोला गेला. प्रशिक्षकाने उठून जायचं आणि पोराने गावाची अब्रू सांभाळत बसायचं, हा कुठला न्याय? त्याच्या जागी आलेल्या मार्क पोपने गार्डच्या जागेसाठी पिट्सबर्गहून जालँड लोला आणलं, तेही विसरू नकोस.

पोप आला तेव्हा आदल्या वर्षीचा शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू उरला नव्हता. सॅन डिएगो स्टेटहून बटलर, डेटनहून ब्रेया, ड्रेक्सेलहून अमारी विल्यम्स, ओक्लाहोमाहून ओटेगा ओवे अशी जमवाजमव करून त्याने 24 सामने जिंकले आणि संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत नेला. उन्हाळ्यात एकमेकांची नावं विचारणारी ही माणसं होती! तुला हे आता नेहमीचं वाटतं. मला नाही वाटत, कारण आमच्याकडचं 2008 मी पाहिलंय.

खेळाडू मिळवताना केलेल्या नियमबाह्य फोनांपायी इंडियानाचा प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन गेला आणि मार्केट विद्यापीठातून टॉम क्रीन आला. त्याच्या हाती जुन्यांपैकी उरले काइल टेबर आणि ब्रेट फिंकलमायर. दोघंही वॉक-ऑन म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेले, आदल्या मोसमात दोघांचे मिळून 36 गुण. पहिल्या वर्षी 6 विजय आणि 25 पराभव, त्यानंतर 10-21, मग 12-20. आमच्या असेंब्ली हॉलमध्ये लोक तरीही सामन्यांना यायचे, हे मात्र खरं.

त्या पहिल्या वर्षी नवखा म्हणून आलेला व्हर्डेल जोन्स तिन्ही मोसम खेळला. म्हणजे 66 पराभव. चौथ्या वर्षी कुठे दिवस पालटले. डिसेंबर 2011 मध्ये ख्रिश्चन वॉटफर्डने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट टाकला आणि पहिल्या क्रमांकावरचं तुमचं केंटकी 73-72 असं हरलं. (नंतर विजेतेपद तुम्हीच नेलंत, आम्हाला वाटेत हरवून. माहीत आहे.) मार्चमध्ये इंडियाना राष्ट्रीय स्पर्धेत परतली, आणि जोन्स? त्याआधीच आमच्या बिग टेन गटाच्या स्पर्धेत त्याचा गुडघा गेला. ज्या दिवसांसाठी पोरगा चार वर्षं राबला, ते त्याने बाहेर बसून पाहिले.

आता त्याच्या थांबण्यात निष्ठा किती आणि नाइलाज किती? तेव्हा बदली घेतली की एक वर्ष बसून काढावं लागे. आमचा जॉर्डन क्रॉफर्ड झेव्हियरला गेला आणि पूर्ण मोसम बसला. 2021 मध्ये पहिल्या बदलीपुरती ही अट गेली, 2024 मध्ये कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. यंदाच्या जुलैपासून तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देतात, सगळ्या खेळांना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. जोन्सबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याची कहाणी सांगून पेरीला खजील करणं मला पटत नाही. दाराला कडी होती तेव्हाची माणसं टिकाऊ वाटतात, त्यातला थोडा मान कडीलाही द्यायला हवा.

म्हणून पोपची खरी परीक्षा पहिल्या वर्षी नव्हतीच. ती या एप्रिल-मेमध्ये झाली. ओवे एनबीएचा अंदाज घेऊन परत आला. गॅरिसन थांबला, चँडलर थांबला, हार्लनचा ट्रेंट नोआ थांबला. दार सताड उघडं असताना! हल्ली प्रशिक्षकाला आधी स्वतःच्याच ड्रेसिंग रूममध्ये फिरून मनधरणी करावी लागते, बाहेरची पोरं नंतर. तू गेलेल्यावर दोन पानं खर्च केलीस आणि ओवेवर एक ओळ. हे उलटं हवं होतं.

डिसेंबरात आम्ही तुमच्या रप अरीनात सामन्याला येतोय, तिकिटांचं आत्ताच बघ. नवा प्रशिक्षक डॅरियन डेव्हरीसने आमचा संघ मुळापासून नवा बांधलाय. त्याचा मुलगा टकर ड्रेककडून वेस्ट व्हर्जिनिया आणि तिथून इथे, बापाच्या मागोमाग आलाय. बाकी नावं पाठ करायला मला दिवाळी उजाडेल. तुला निदान चार ओळखीचे चेहरे आहेत. भांडायला कारण काय तुला?

तुझा,
मामा