‘पप्पा, जयभीम जरा हळू म्हणा’

नाशिकरोडला आमचे दोन खोल्यांचे घर आहे. बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंग, कपाट, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खिडकीपाशी चिरंजीवांची अभ्यासाची जागा. आतल्या खोलीत स्वयंपाक. मी कारकून माणूस. दिवसभर ऑफिस आणि संध्याकाळी वस्तीची कामे. कुणाचा जातीचा दाखला अडकलेला असतो, कुणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो. त्यामुळे आमच्या दाराला कडी अशी फारशी लागतच नाही. माणूस उंबऱ्यावर आला की ‘जयभीम’ म्हणतो आणि मी आतून ‘जयभीम, या!’ म्हणतो. वीस-बावीस वर्षे हे असेच चालले आहे. माझा आवाजही मोर्चात तयार झालेला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा मुलगा अकरावीला आहे. पाहुणा निघून गेल्यावर तो खाली मान घालून मला म्हणाला, “पप्पा, जयभीम जरा हळू म्हणत जा ना.”

वाचकहो, खरे सांगतो, कानशिलात बसावी तसे झाले. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. या दोन शब्दांनी त्यांची मान वर झाली होती. आणि त्यांचा नातू मला ते हळू म्हणायला सांगतो! मी रागाने विचारले, “लाज वाटते का तुला?” तो काही बोलला नाही. कानातली वायर गुंडाळून झोपून गेला. मी मात्र रात्रभर कूस बदलत राहिलो. सौ. म्हणाली, “अहो, पोरगं उगाच नाही बोलणार. काहीतरी झालंय. ओरडू नका, विचारा.”

मुलगा काही सांगेना. शेवटी उलगडा केला तो माझ्या भाचीने. ती कॉलेजात शिकते आणि रविवारी आमच्याकडे येते. ती म्हणाली, “मामा, तुम्हाला त्या खेळातला माईक माहीत आहे का?”

मला कुठला माहीत असणार? पोरगा मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळतो, एवढेच मला ठाऊक. बुद्धाच्या घरात बंदुकीचा खेळ कशाला, म्हणून मी अधूनमधून कुरकुरत असे. पण सगळ्या वस्तीची पोरे खेळतात म्हणून सोडून देत असे. भाचीने मला समोर बसवून सगळे समजावले, ते माझ्यासारख्या पालकांसाठी लिहितो.

या खेळात चार-चार जणांची टोळी असते. चौघे चार गावांतले, एकमेकांना कधी न पाहिलेले. शत्रू कुठे आहे, कुठल्या घरात लपला आहे, हे एकमेकांना सांगायचे तर हात गुंतलेले असतात, लिहायला वेळ नसतो. म्हणून बोलण्याची सोय. मोबाईलचा माईक चालू ठेवला की आपला आवाज इंटरनेटवरून बाकी तिघांच्या कानात जातो. ही सोय तशी जुनी आहे. अमेरिकेत २००२ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केले, तेव्हा खेळाच्या संचाबरोबर कानाला लावायचा माईकही दिला होता. आपल्याकडे ती घराघरांत पोचली मोबाईलमुळे. पबजी मोबाईलवर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, तोवर पोरांना खेळता खेळता बोलायची सवय लागून गेली होती.

आता या सोयीच्या अडचणी ऐका. मोबाईलचा स्पीकर मोठा ठेवला तर साथीदाराचा आवाज आपल्याच माईकमधून परत त्याच्या कानात जातो आणि त्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो. बिनवायरचे इअरफोन लावले तर माईक चालू होताच खेळाचा आवाज पातळ होतो. कारण त्याच बारीक वाटेने आवाज आणायचाही असतो आणि न्यायचाही. मग शत्रूची पावले डावीकडे वाजली की उजवीकडे, ते कळत नाही. म्हणून आमचा मुलगा साध्या वायरचे इअरफोन वापरतो. रेंज गेली की बोलणे तुटक येते. हे सारे सुधारता येते. पण एक अडचण अशी आहे की जिला कुठले बटण नाही. माईक उघडा असला की घरातले सगळे त्यात जाते. ज्याला स्वतंत्र खोली आहे त्याचा फक्त आवाज जातो. आमच्या पोराच्या माईकमधून कुकरची शिट्टी जाते, शेजारचे भांडण जाते, बापाचे बोलणेही जाते.

तुम्हाला आता समजले असेल. त्या संध्याकाळच्या चार-आठ दिवस आधी असाच एक कार्यकर्ता दारात आला. त्याने ‘जयभीम’ म्हटले, मी खणखणीत ‘जयभीम’ म्हटले. ते दोन्ही शब्द माईकमधून तीन परक्या पोरांच्या कानात गेले. तोवर ती पोरे आमच्या मुलाला ‘भाई, क्या खेलता है!’ म्हणत होती. क्षणभर शांतता झाली. मग एकाने पूर्ण नाव विचारले. मुलाने सांगितले नाही. मग दुसरा मराठीत बोलला. काय बोलला ते मी या पानावर लिहीत नाही, आपल्या आयाबहिणी हे पान वाचतात. आरक्षणाचा उद्धार झाला, मग जात निघाली, मग हसणे. परप्रांतातल्या पोरापेक्षा त्या मराठी पोराचे बोलणे मुलाला जास्त लागले.

पुढचे भाचीने सांगितले तेव्हा मला राहवेना. या खेळात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. तो खाली पडतो, रांगत राहतो, आणि थोड्या वेळात साथीदाराने येऊन उचलले तर पुन्हा उभा राहतो. मुलगा पडला. तिघेही जवळ होते. एकजण येऊन शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “इसको कौन छुएगा?” पडद्यावरची वेळ संपेपर्यंत तिघे हसत उभे राहिले. पोरगा रांगत रांगत संपला.

खेळच तो, असे कुणी म्हणेल. याच नाशिकात १९३० साली आपल्या माणसांना काळाराम मंदिराच्या दाराशी अडवले होते. ज्या जगाला ना दार आहे, ना पाणवठा, ना अंगाचा स्पर्श, त्या जगातही त्या पोराला ‘शिवणार कोण’ हेच सुचले. दारे बदलली, पण मनाची कडी तीच आहे.

मी भाचीला विचारले, “तूही खेळतेस ना? तुला कोणी बोलत नाही?” ती हसली. “मामा, मी माईक कधी लावतच नाही. मुलीचा आवाज ऐकला की आधी नंबर मागतात, नाही दिला की शिव्या देतात. मी खुणा वापरते.” काही खेळांत नकाशावर बोट ठेवून ‘शत्रू इथे’, ‘मदत हवी’ अशा खुणा करता येतात. २०१९ साली आलेल्या अ‍ॅपेक्स लेजेंड्स या खेळात ही पद्धत इतकी पक्की केली की एक शब्द न बोलता पुरा खेळ खेळता येतो. चांगली सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण जिने बोलायचे तिने मुके व्हायचे आणि शिव्या देणाऱ्याचा माईक चालू, हा कुठला न्याय?

त्या रात्री मला माझेच एक जुने दुखणे आठवले. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी खोली शोधत होतो. घरमालकाने नाव विचारले. मी माझे नाव आणि वडिलांचे नाव सांगितले, आडनाव गिळून टाकले. त्यांनी जे समजायचे ते समजून घेतले आणि मी समजू दिले. सात महिने त्या खोलीत राहिलो, आणि कुणी मित्र भेटायला आला तर त्याला जिन्यातच सांगायचो, “वर आलास की नुसतं नमस्कार म्हण.” हे मी आजवर सौ.लाही सांगितले नव्हते. मग पोराला लाज वाटते का म्हणून विचारण्याचा मला काय अधिकार होता? दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवून हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “पप्पा, मला लाज नाही वाटत. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मोबाईल काढून घेतला असता.” त्याचे खरे होते. मी तेच केले असते.

मग आम्ही दोघे तक्रारीच्या मागे लागलो. खेळात तक्रारीचे बटण असते, ते दाबले. उत्तर आले नाही. नंतर आणखी एकदा तसेच झाले, तेव्हा मुलाने मोबाईलच्या पडद्याचे रेकॉर्डिंग केले. लावून पाहिले तर त्यात गोळ्यांचे आवाज होते, पावलांचे होते, पण त्या पोराचा आवाजच नव्हता! भाचीने कारण शोधले. अ‍ॅण्ड्रॉइड मोबाईलमध्ये कॉलसारखे बोलणे हे खासगी धरतात, म्हणून पडदा रेकॉर्ड करताना ते बहुधा टिपले जात नाही. लिहिलेली शिवी पुरावा म्हणून राहते. बोललेली हवेत विरते, आणि ऐकणाऱ्याच्या काळजात तेवढी राहते. शेवटी आम्ही साधा उपाय केला. माईक बंद करून मुलगा खेळात गेला की इअरफोन काढायचे, स्पीकर लावायचा आणि दुसऱ्या मोबाईलने चित्रण करायचे. त्यात खेळणाऱ्याचे नाव आणि नंबर दिसला पाहिजे, तारीख-वेळ वहीत लिहिली पाहिजे.

मोठ्या कंपन्यांना हे दुखणे ठाऊक आहे. कॉल ऑफ ड्यूटी या खेळात २०२३ साली बोलणे ऐकून शिवीगाळ पकडणारे संगणकी यंत्र बसवले. पण ते सुरुवातीला इंग्रजीपुरते होते, आणि जगभर लावताना आशिया खंड वगळला होता. इंग्रजी शिवी त्याला समजेल. आपल्याकडे तर जातीचे साधे नावच शिवीसारखे उच्चारता येते. ते समजायला यंत्राला आपल्या गावकुसाचा इतिहास शिकवावा लागेल.

कायद्याचे म्हणाल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले की इंटरनेटवर सर्वांना पाहता येईल असा केलेला अपमानही या कायद्यात येऊ शकतो. मात्र बोलणे लोकांसमक्ष झालेले असावे लागते. चौघांच्या टोळीतले बोलणे ‘लोकांसमक्ष’ धरायचे की नाही, हा वाद वकील घालतील. म्हणून आधी पुरावा जपा आणि जाणत्या वकिलाला विचारा. अत्याचारविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६६ आहे, आणि सायबर गुन्ह्यांसाठी सरकारचे पोर्टल आहे.

आम्ही विहारात एका रविवारी वंदनेनंतर पालकांना थांबवून घेतले. विषय काढला तर तीन पोरांनी असेच अनुभव सांगितले. त्यांच्या आईबापांना त्यातले काही माहीत नव्हते. एका आईच्या डोळ्यांत पाणी आले. आणि एक गोष्ट उलटीही निघाली. आपल्याच वस्तीतला एक पोरगा माईकवर मुलींना घाण बोलत होता. त्यालाही समोर बसवले. सम्यक वाचा ही दुसऱ्यानेच पाळायची वस्तू नव्हे. आता चार ओळखीची पोरे मिळून टोळी करतात, परक्याचा आवाज मोठा झाला की त्या एकट्याचा आवाज बंद करण्याचे बटण दाबतात, आणि वाईट बोलणाऱ्याची तक्रार चौघे मिळून करतात. भाची त्यांच्यात माईक लावून खेळते. तिचा नेम सगळ्यांत चांगला आहे म्हणे.

परवा संध्याकाळी पुन्हा कोणी दारात आले. ‘जयभीम’ म्हणाले. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि नजर मुलाकडे गेली. आवाज आपोआप खाली आला. त्याने पडद्यावरून नजर न काढता म्हटले, “मोठ्यानं म्हणा पप्पा. आता बटण दाबून धरल्याशिवाय आवाज जात नाही.”

मी मोठ्याने म्हटले. पण कार्यकर्त्याच्या मनाला वाटून गेले की, पोरा, ते बटण दाबून धर, जाऊ दे तिघांच्या कानात. ओठांवर आलेले मी गिळले. कधी सांगायचे हे त्याचे त्याने ठरवायचे. सतरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर बापाचा मोर्चा कशाला द्यायचा? आपण एवढेच करायचे की तो पडला तर त्याला उचलायला कोणीतरी जवळ असेल.

बंधू-भगिनींनो, आज रात्री पोरगा कानात वायर घालून बसला असेल तर मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा आणि विचारा, “तिकडून काय बोलतात रे?”

जयभीम.