एक मीटर, ८.७ सेकंद

एकाच कंपनीची दोन मॉडेल इंजिनं एकाच रुळावर ठेवली तरी ती सारख्या वेगानं पळतीलच असं नाही. आमची तर कंपनीही वेगळी! माझं इंजिन मामानं दिलेलं, कोरं करकरीत. पार्टनरचं सेकंडहँड, पण त्यासाठी त्यानं अख्खी उन्हाळी सुट्टी दुकानात काम केलं होतं.

पुण्यात कर्वे रोडजवळ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे. ते पाहून आलो आणि प्रोजेक्ट ठरलं : बोरघाट. मुंबईहून सोलापूरला येताना कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, कारण लोणावळ्यापर्यंत ३७ ला १ असा चढ आहे. मॉडेलमध्ये माझं इंजिन पुढे, पार्टनरचं बँकर.

माझे बाबा लोको पायलट. ते म्हणाले, "आमच्याकडे मागचा थोडा कमी पडला तर पुढचा जास्त ओढतो, भागतं." मॉडेलमध्ये भागत नाही. मोटर आणि चाकांच्या मध्ये वर्म गिअर असतो. मोटर चाक फिरवते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. त्यामुळे मागचं इंजिन हळू असलं की तो चक्क ब्रेकच. डबे ताणले जातात आणि वळणावर आतल्या बाजूला कलंडतात.

डिजिटल कंट्रोलमध्ये रुळांवर व्होल्टेज कायम असतं. प्रत्येक इंजिनात डिकोडर, त्यात नंबर घातलेली सेटिंग्ज, म्हणजे सी.व्ही. दोन नंबरचा सुरुवातीचा वेग ठरवतो, सहा मधला, पाच कमाल. तीन आणि चार आधी शून्य करायचे, नाहीतर इंजिन रमतगमत वेग घेतं आणि मोजमापाची वाट लागते. दोन्ही इंजिनं पंधरा मिनिटं पळवून गरम करायची, मगच स्टॉपवॉच. आमचं स्केल १:८७. खरी गाडी ताशी ३६ किलोमीटरनं गेली तर मॉडेलला एक मीटर जायला ८.७ सेकंद लागले पाहिजेत. पार्टनरच्या इंजिनानं चाळिसाव्या स्टेपला बरोबर तेवढे घेतले. माझ्यानं सहा!

आणि इथे खरी मारामारी. पळणारं इंजिन खाली आणता येतं, हळूवालं त्याच्या कमालीच्या वर नेता येत नाही. म्हणजे लगाम माझ्याच नव्या इंजिनाला! मला ते मुळीच रुचलं नाही.

"अबे, तुझं वाढव की."

"माझं फुल्लच आहे बे. तूच कमी कर की."

दोन दिवस रूममध्ये अबोला. मेसमध्ये सुद्धा वेगळी टेबलं (वॉर्डन सरांच्याही लक्षात आलं). तिसऱ्या दिवशी मी पाच नंबरचा सी.व्ही. उतरवत बसलो. तो न बोलता शेजारी येऊन वेळ लिहू लागला.

पण नुसतं वरचं टोक जुळवून भागत नाही. मध्ये आमचा ग्राफ पोटात फुगत होता, म्हणून २८ पॉइंटांचा स्पीड टेबल घेतला. वरचे वेग आता जुळलेत. अगदी सावकाश चालताना मात्र मीटरमागे अजून अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, आणि घाट तर सावकाशच चढायचा आहे. सबमिशन सोमवारी. स्टॉपवॉच पार्टनरकडे आहे.