चूल राखणारी बाई



परवा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, ऑलिम्पिकची ज्योत काडीपेटीने पेटवतात का हो?" घरी येऊन शोधलं. ग्रीसमधल्या ऑलिंपिया इथे पुजारिणींच्या वेशातल्या स्त्रिया अंतर्गोल आरशाने सूर्यकिरण एकत्र करून ती पेटवतात. वाचता वाचता एक प्राचीन ग्रीक शब्द सापडला, 'हेस्तियास'.

'हेस्तिया' म्हणजे चूल. चुलीच्या देवीचं नावही तेच. आणि 'हेस्तियास' म्हणजे तिथला अग्नी राखणारी पुजारीण. रोममधल्या वेस्टा देवीच्या पुजारिणींसाठीही ग्रीक लेखक हाच शब्द वापरत. प्लुटार्क सांगतो की डेल्फी आणि अथेन्सला हे काम उतारवयाच्या विधवांकडे असे, तर रोममध्ये कुमारिकांकडे. अग्नी विझलाच, तर तो दुसऱ्या विस्तवावरून पेटवायचा नाही, सूर्यापासूनच नवा घ्यायचा.

रोममध्ये 6 ते 10 वर्षांच्या मुली निवडल्या जात. सेवा 30 वर्षांची. पहिली 10 वर्षं शिकायचं, पुढची 10 काम करायचं आणि शेवटची 10 नव्या मुलींना शिकवायचं.

इथे मी थांबलेच. डी.एड.ची दोन वर्षं संपली आणि मी थेट वर्गात उभी राहिले. आता 13 वर्षं झाली. गेल्या महिन्यात शाळेत एक नवी शिक्षणसेविका आली. पहिलीचा वर्ग, रडणारी मुलं. तिने विचारलं, "मॅडम, यांना कसं शांत करू?" मी हजेरीपत्रकातून मान वर न करता म्हटलं, "होईल सवय."

मलाही पहिल्या वर्षी हेच उत्तर मिळालं होतं. तेव्हा मी घरी जाऊन रडले होते.

रोममधले नियम कडक होते. अग्नी विझला तर पुजारिणीला फटके बसत. तसलं काही आपल्याला नको. पण नव्याला शिकवणं हा सेवेचाच भाग, उपकार नव्हे, ही गोष्ट मात्र घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिच्या वर्गात गेले. "काल नीट बोलले नाही गं," म्हटलं. मग अर्धा तास आम्ही फक्त रडणाऱ्या मुलांबद्दल बोललो. त्यातल्या दोन युक्त्या तिच्याच होत्या, मला नवीन!

तुमच्या शाळेत यंदा नवीन कोण आलंय? त्यांच्याशी बोललात का?