चारसोवीसची निवृत्ती

३० जून २०२४ च्या मध्यरात्री चारसोवीस सेवानिवृत्त झाला. ना हार, ना नारळ, ना निरोपाचा बटाटेवडा. १८६२ सालापासून एकशेबासष्ट वर्षे, रविवारचीही सुट्टी न घेता ज्याने या देशाची सेवा केली, त्याला साधे भिंतीवरचे घड्याळसुद्धा कुणी दिले नाही. आमच्या बँकेत शिपाई निवृत्त झाला तरी मॅनेजर दोन शब्द बोलतात. (दोनच बोलतात, पण बोलतात.)

दुसऱ्या दिवसापासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे कलम झाले ३१८, पोटकलम ४. नव्या संहितेत एकंदर कलमेच ३५८. तेव्हा चारसोवीस नुसता बदलीवर गेला असे नाही, त्याची खुर्चीच मोडीत निघाली. नाही म्हणायला, त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनेच कलम लागते, म्हणून तो अजून कोर्टात येतो. आमच्याकडे निवृत्त माणसाला कंत्राटावर परत बोलावतात, त्यातलाच प्रकार.

"अहो, पण आता माणसाला शिवी कशी द्यायची?" आमचे हेडकॅशियर डब्यातली भेंडी चिवडत म्हणाले. "'तू पक्का तीनशेअठरा पोटकलम चार आहेस' असं म्हणेपर्यंत समोरचा पैसे घेऊन दुबईला पोचेल!"

"आणि शिक्षा?" मी विचारले.

"तेवढीच. जास्तीत जास्त सात वर्षं आणि दंड. नुसता बिल्ला बदललाय."

आमच्या बँकेत दुपारच्या डब्याला देशाचे सर्व प्रश्न सुटतात. अडीच वाजता पुन्हा गुंततात, तो भाग वेगळा. त्या दिवशी पांढरपेशा गुन्हेगारांना काय शिक्षा द्यावी, हा विषय निघाला. हेडकॅशियर फाशीच्या खाली यायला तयार नव्हते. कर्जखात्याच्या बाईंनी घरदार जप्त करण्याचा ठराव मांडला. मीही कोशिंबिरीचा हात उंचावून "भर चौकात फटके!" असे म्हणालो. तेवढ्यात पाण्याची बाटली ठेवायला आलेला आमचा शिपाई थबकला. त्याची कॉलर खाकी.

"साहेब, पांढरपेशे म्हंजे तुमीच लोक ना?"

त्यानंतर भेंडी कुणी संपवली, ते आठवत नाही.

तसे पाहिले तर 'पांढरपेशा' हा आमच्या घराण्याचा एकुलता एक दागिना. शेती नाही, दुकान नाही, वाडा नाही, पण आजोबा ताठ मानेने सांगत, "आपण पांढरपेशे." आणि इकडे अमेरिकेत एडविन सदरलँड नावाच्या एका समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली भर सभेत उभे राहून सांगितले की, गुन्हे फक्त गरीब माणसेच करतात हा समज खोटा आहे, प्रतिष्ठित माणसे आपापल्या धंद्या-नोकरीत बसून जे करतात, तोही गुन्हाच. त्याला त्यांनी नाव दिले पांढऱ्या कॉलरचा गुन्हा. पुढे १९४९ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा बड्या कंपन्यांची नावे गाळावी लागली. ती नावे छापलेली आवृत्ती निघाली १९८३ साली! पाकीटमाराचे नाव दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येते, कंपनीचे यायला चौतीस वर्षे लागली. कॉलर पांढरी असली की शाईसुद्धा बिचकते.

मी बी. कॉम. आहे आणि वीस वर्षे बँकेत खर्डेघाशी करतो आहे, तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. दरोड्याला काळोख लागतो, घोडा लागतो, निदान रुमाल तरी लागतो. आमच्या क्षेत्रातल्या दरोड्याला एक कागद, एक सही आणि एक शिक्का पुरतो. १९९२ साली हर्षद मेहताचा रोखे घोटाळा उघडकीला आला, तो मूळचा कागदाचाच. बँका आपापसांत सरकारी रोखे विकताना 'बँक रिसीट' नावाची चिठ्ठी देत. 'तुमचे रोखे आमच्यापाशी आहेत, मागाल तेव्हा देऊ' एवढाच तिचा अर्थ. पुढे पुढे चिठ्ठी तेवढी राहिली, रोखे नव्हतेच. त्याच वर्षी त्यासाठी खास न्यायालयाचा कायदा झाला. २००१ च्या ३१ डिसेंबरला मेहता वारला, तरी खटले चालूच होते. आरोपी वरच्या कोर्टात गेला, फायली खालच्या कोर्टात राहिल्या.

त्यानंतर कायदे कडक झाले नाहीत, असे कुणी म्हणू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ४४७ व्या कलमात मोठ्या घोटाळ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि घोटाळ्याच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. २०१८ साली फरारी आर्थिक गुन्हेगारांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा आला. त्याला किमान शंभर कोटींची अट. नव्व्याण्णव कोटी नव्व्याण्णव लाख घेऊन पळालात तर तुम्ही फरारी असाल, पण त्या कायद्यातले नव्हे. आमच्याकडे फिक्स्ड डिपॉझिटलाही किमान रक्कम असतेच की.

आता थोडी घरची गोष्ट सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आईला ताप भरला, म्हणून एका इस्पितळात नेले. पूर्वी इस्पितळात पहिला प्रश्न असे, "काय होतंय?" हल्ली असतो, "पॉलिसी आहे का?" आहे म्हटल्यावर खिडकीतल्या तरुणाच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरली, ती मुलीच्या पसंतीनंतर माझ्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावरही नव्हती. आईला दोन रात्री ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला, आणि बिल चढले.

बिलात मुक्काम चार दिवसांचा होता. तज्ज्ञ डॉक्टरांच्या भेटी नऊ. मी सहीसाठी पेन काढले. वीस वर्षे कागद पुढे आला की माझे पेन आपोआप निघते. तेवढ्यात आईने पिशवीतून आपली दुधाच्या हिशेबाची वही काढली.

"डॉक्टर दोनदा आले. त्यातसुद्धा एकदा दारातूनच 'कसं काय आजी' म्हणून गेले. ती भेट अर्धीच धरायला हवी."

"आजी, तुम्हाला कुठे भरायचंय?" खिडकीतला तरुण समजुतीने म्हणाला. "काका, पैसे तुमच्या खिशातून थोडेच जातात? कंपनी देते."

"कंपनीला कोण देतं?" आईने विचारले.

मी बी. कॉम., आई जुनी व्हर्नाक्युलर फायनल. पण विम्याची सारी मेख तिने तीन शब्दांत काढली. शंभर माणसे हप्ता भरतात, त्याच पैशातून दहा आजारी माणसांची बिले जातात. बिलातले दोन खोटे दिवस पुढच्या वर्षी सगळ्यांच्या हप्त्यात येऊन मुक्काम करतात. आईचा हप्ता दरवर्षी का वाढतो, म्हणून मी विमा कंपनीच्या नावाने बोटे मोडत होतो. मोडायची बोटे पेनावर होती.

सरकारी योजनेतही असेच. २०२३ साली महालेखापालांनी आयुष्मान भारत योजनेची तपासणी केली, तेव्हा सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांचा मोबाईल नंबर एकच निघाला. नऊ हा आकडा दहा वेळा! सरकारचा खुलासा असा की, ओळख पटवायला मोबाईल लागतच नाही. असेल तसेही. पण त्याच अहवालात नोंदींमध्ये आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी सहा कोटी सत्त्याण्णव लाख रुपये दिल्याचेही आहे. आमच्या बँकेत पेन्शनरला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. काठी टेकत येतात बिचारे. इकडे मेलेल्या माणसाला विनादाखला सलाईन!

अमेरिकेत अशा फसवणुकीला १९९६ पासून वेगळे कलम आहे. दहा वर्षे कैद. त्या लबाडीपायी रोग्याला गंभीर इजा झाली तर वीस, आणि तो दगावला तर जन्मठेप. मला यातली पायरी-पायरीची कल्पना आवडली. खोटे बिल ही एक गोष्ट आणि बिलासाठी चांगल्या माणसाचे पोट फाडणे ही दुसरी. तिथे बर्नार्ड मेडॉफला २००९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, दीडशे वर्षांची शिक्षा झाली. त्यातली बारा भोगून तो २०२१ मध्ये तुरुंगातच गेला. उरलेली एकशेअडतीस थकबाकीत.

तर, मी सही केली नाही. याचे श्रेय मी घेणार होतो, पण खरे कारण वेगळेच आहे. आई वही मिटून म्हणाली, "तू तर बँकेत आहेस. तुला मी काय सांगायचं?" आणि मला एकदम खोकला आठवला.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला वर्षाकाठी ठरावीक रक्कम औषधांच्या बिलांवर मिळे. मी तेव्हा धडधाकट. म्हणून कोपऱ्यावरचा केमिस्ट शाम्पू, पावडर आणि मुलाच्या बिस्किटांचे 'खोकल्याचे औषध' करून देई. एका वर्षी मी कागदोपत्री एवढे खोकल्याचे औषध प्यालो की, बँक कुठल्या धुराड्यात भरते अशी हिशेबतपासनिसाला शंका यायला हवी होती. आली नाही. त्याचीही बिले तशीच असावीत. बेरीज झाली होती सतराशे साठ रुपये.

त्याच वर्षी आमच्या एका सहकाऱ्याने शनिवारी कॅशमधून चौदाशे रुपये घेतले. मुलीची फी होती. सोमवारी तो ते परत ठेवणार होता. सोमवारी सकाळीच तपासणी आली. बँकवाल्याने विश्वासघात केला तर कायद्यात जन्मठेपेपर्यंत तरतूद आहे. बँकेने तेवढे ताणले नाही, नुसते नोकरीवरून काढले. डब्याच्या वेळी मी म्हणालो होतो, "नियम म्हणजे नियम." म्हणताना खोकला आला नाही.

आता तो झेरॉक्सचे दुकान चालवतो. इतकी वर्षे मी त्या बाजूने जात नव्हतो. पलीकडच्या दुकानात जास्त पैसे देऊन प्रती काढत होतो.

इस्पितळात मी म्हणालो, "दोन दिवस आणि दोन भेटी. तेवढंच लिहा." तरुणाची प्रसन्नता मावळली. "मग बिल नवीन काढावं लागेल. वेळ लागेल." वेळ लागला. सकाळी अकराला सुटायची आई संध्याकाळी सहाला सुटली. खऱ्या बिलाला सात तास लागले. खोटे दहा मिनिटांत तयार होते. कडक शिक्षेचा कायदा करणाऱ्यांनी एवढे जरी उलटे करून दिले, तरी निम्मे काम होईल. वीस वर्षांची शिक्षा वीस वर्षांनी होणार असेल तर तिला कोण भितो? सोमवारी सकाळी येणाऱ्या तपासणीला मात्र आम्ही सगळे भितो. म्हणजे चौदाशेवाल्याला. कोटीवाल्याकडे तपासणी यायची असली की आधी चहा जातो.

विम्याच्या फायलीच्या प्रती हव्या होत्या. पाय कसे वळले कोण जाणे, मी त्याच्या दुकानात गेलो. त्याने ओळख दाखवली, कपाळावर आठी नाही. कागद मशीनवर ठेवता ठेवता म्हणाला, "वहिनींना बरं नाही का?" म्हटले, "आई. दोन दिवस होती." "दोनच दिवस ना? मग बरं," म्हणाला. मला त्याला सतराशे साठ रुपयांबद्दल सांगायचे होते. "किती झाले?" एवढेच विचारता आले.

दुसऱ्या दिवशी हेडकॅशियरनी पुन्हा फाशीचा विषय काढला. "तुमचं काय मत?" मी म्हणालो, "शिक्षा वाढवाच. पण वरून सुरुवात करा. खालून सुरुवात केलीत तर डबा खायला कुणी उरायचं नाही." शिपाई पाणी ठेवत होता. तो हसला की मला भास झाला, नक्की सांगता येत नाही.

आठवड्याने आईची औषधे आणायला केमिस्टकडे गेलो. केस पिकले तरी माणूस तोच.

"पॉलिसीत लावायचंय ना? कितीचं बिल करू?"

"जेवढ्याचं औषध, तेवढ्याचं."

त्याने चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे निरखून पाहिले आणि खालच्या आवाजात विचारले,

"साहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?"