आमची समुद्राची सहल आणि मोत्या-काळी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. आम्ही म्हणजे आजी, पप्पा, आई, काका, मी आणि आमची दोन कुत्री. एकाचे नाव मोत्या व दुसरीचे नाव काळी. कुत्र्यांना सहलीला नेले म्हणून वर्गातली मुले मला हसली. पण का नेले ते कोणाला माहीत नाही, म्हणून मी हे लिहीत आहे.

आजीने समुद्र कधीच पाहिला नव्हता. सोयाबीनची रास झाल्यावर पप्पा म्हणाले, "चल आई, तुला समुद्राचा गणपती दाखवतो." आजी म्हणाली, "येते. पर कुत्र्यांला मागं ठिवून म्या कुटंच येत न्हाई." पप्पा म्हणाले, शेजारी भाकरी टाकतील. आजी काही ऐकेना. शेवटी काकांच्या जीपमध्ये मागे पोते अंथरले व दोघांना बसवले.

आम्ही पहाटे निघालो. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला अशी गावे लागली. काळीला गाडी लागली आणि ती दोनदा ओकली. मिरजेला पप्पांनी सांगितले, "२०१६ साली लातूरला प्यायला पाणी नव्हते, तेव्हा इथूनच रेल्वेने पाणी आणले होते." मी मोत्याला तिथले पाणी पाजले. रात्री आम्ही मिरजेला पाहुण्यांकडे राहिलो.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर सोडल्यावर आंबा घाट लागला. आपल्याकडे सगळे सपाट माळरान आहे. तिथे एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला खोल दरी. आजीने डोळे मिटून घेतले व देवाचे नाव घेत बसली. घाट उतरल्यावर हवा दमट झाली आणि कुत्री जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आम्ही आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. हा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. डाव्या हाताला समुद्र, मध्ये सुरूची झाडे आणि उजव्या हाताला डोंगर. रस्ता चढावर गेला की खाली पांढऱ्या लाटांची लांब रेघ दिसते. काकांनी वर गाडी थांबवली. मोत्या खिडकीतून तोंड बाहेर काढून नुसता वास घेत होता. आजी कितीतरी वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "लई मोटं हाय रं. ह्याला पल्याडचा काठच न्हाई." मी म्हणालो, "आजी, आपल्या तेरणेचे पाणी इथेच येते का?" पप्पा म्हणाले, "नाही. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेकडच्या समुद्राला, बंगालच्या उपसागराला मिळते."

संध्याकाळी पोचलो. जिथे उतरणार होतो तिथले मालक म्हणाले, कुत्री आत चालणार नाहीत. पप्पा म्हणाले, "बाहेर बांधू." आजी म्हणाली, "तुमी जावा आत. म्या गाडीत निजते." पप्पा रागावले, पण आजी जीपमधून उतरलीच नाही. मग मीही आजीजवळ गाडीतच झोपलो. बाहेर समुद्राचा आवाज येत होता. मी आजीला विचारले, "तू असं का करतीस?" तेव्हा आजीने मला सांगितले.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर पडले. आजी दारात झोपली होती म्हणून वाचली. आजोबा आणि पप्पा आत होते. पप्पा तेव्हा सहा वर्षांचे होते. कोण कुठे आहे काही कळत नव्हते. आमचा कुत्रा वाघ्या एकाच जागी माती उकरत होता आणि ओरडत होता. लोकांनी तिथे खणले. पप्पा जिवंत निघाले. आजोबा नाही.

पुढे सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. वाघ्या रोज रात्री जुन्या गावात जाऊन आपल्या पडलेल्या घरावर बसायचा. नव्या किल्लारीत घर मिळाले त्या दिवशी ट्रॅक्टरवर सामान भरले, तेव्हा वाघ्या तिथे नव्हता. सगळे म्हणाले, येईल आपोआप. तो आला नाही. आजी दुसऱ्या दिवशी शोधायला गेली, तर सापडला नाही. पुन्हा कधीच दिसला नाही.

आजी म्हणाली, "त्येनं माजं लेकरू दावलं, अन् म्या त्यालाच मागं सोडून आले." मग ती काही बोलली नाही. मी काळीला जवळ घेतले.

सकाळी आम्ही वाळूवर गेलो. काळी खेकड्यांच्या मागे पळाली आणि लाटेत शिरली. मी ओरडत तिच्या मागे पळालो. पाणी माझ्या कमरेला लागले तोच पप्पांनी मागून माझी कॉलर धरली. काळी आपली आपण पोहत बाहेर आली आणि आमच्या अंगावर पाणी झटकले. आजी म्हणाली, "तिला पवता येतंय. तुला येतंय का?" तिथे समुद्र एकदम खोल होतो, म्हणून पोहू नका अशी पाटीही आहे. ती मी नंतर वाचली. मोत्याने खारे पाणी पिऊन तोंड वाकडे केले. आम्ही त्याला बाटलीतले गोडे पाणी दिले.

आजीने गणपतीचे दर्शन घेतले आणि डोंगराला प्रदक्षिणा घातली. तोपर्यंत पप्पा स्वतः कुत्री धरून बाहेर उभे होते. आजी आल्यावर पप्पा म्हणाले, "आई, मला वाघ्या अजून आठवतो." आजीने प्रसादाचा थोडा तुकडा मोत्याला व थोडा काळीला दिला.

निघताना काकांनी गाडी सुरू केली. आजी म्हणाली, "थांब." आणि मागे वळून तिने मोजले, "एक, दोन." मग म्हणाली, "आता चल."

आता आम्ही शेतात गेलो तरी निघताना मी मोजतो. एक, दोन. मगच पप्पा गाडी सुरू करतात.