लाल अक्षरातला आकडा

घरातलं आहे, तरी लिहितोय. कुणाच्या तरी कामी येईल.

आमच्या अण्णांना लघवीच्या पिशवीचा कॅन्सर. सिस्प्लॅटिनची केमो झाली, तरी आजार यकृतात गेला. त्यात कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही बाहेरच्या लॅबमधून 'ट्यूमर मार्कर'चं पॅकेज करून घेतलं. सीईए, सीए १२५, सीए १९-९. शेवटचा आकडा लाल अक्षरात आला. ताईने मोबाईलवर काय काय वाचलं आणि रात्रभर रडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद बघून बाजूला ठेवला. म्हणाले, "या कॅन्सरमध्ये हे मार्कर काहींचेच वाढतात. वाढलेले असतील तर उपचाराने उतरतात का, याचा थोडा अंदाज येतो, इतकंच. सीए १९-९ तर पित्ताच्या खड्यानेही वाढतो. यावरून दिवस मोजू नका."

मग त्यांनी विचारलं, अण्णा स्वतः आंघोळ करतात का? दिवसातला किती वेळ पडून असतात? हिमोग्लोबिन किती?

मला वाटलं, विषय बदलतायत. तसं नव्हतं. प्लॅटिनमची केमो घेऊनही आजार वाढलेल्या रुग्णांवर २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या: माणूस किती हिंडताफिरता आहे, हिमोग्लोबिन १० च्या खाली आहे का, आणि यकृतात गाठी आहेत का. पुढचा अंदाज बांधायला आजही या गोष्टी बघतात. यातल्या दोन तर घरातल्या कुणालाही कळतील अशा. पण तोही अंदाज शेकडो रुग्णांचा. एकट्या अण्णांचा नाही.

आता खरं बोलायचं तर, आकडा कळायची वेळ कधीच टळून गेली होती. अण्णांना आठ महिने अधूनमधून लाल लघवी होत होती. दुखत नव्हतं. "उष्णता झालीय" म्हणून सब्जा पीत राहिले. चाळीस वर्षं बिडी ओढलेला माणूस, आणि आम्हीही मान डोलावली. या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान, हे आम्हाला नंतर कळलं.

गल्लोगल्ली शिबिरं होतात, मार्करची पॅकेजं विकली जातात. त्याऐवजी एका फलकावर एवढंच लिहा ना: लघवीतून रक्त, एकदाच गेलं, दुखलं नाही, तरी तपासा. गरज पडली तर दुर्बिणीने.

काल अण्णांनी विचारलं, "किती राहिलेत?" मी म्हटलं, "आंघोळीला स्वतः जाताय ना, मग झालं."

ते हसले. मी कागद फाडून टाकला.