तकबीरचा हात

आपाचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. जुहरची नमाज ती खुर्चीवर बसून पढत होती. तकबीरला उजवा हात खांद्यापर्यंत गेला, डावा मात्र मध्येच थांबला. सलाम फेरल्यावर ती म्हणाली, "बघितलंस? एवढाही उठत नाही." मी म्हणाले, "राहू दे आपा, अल्लाह नियत बघतो. तू आराम कर."

त्या 'आराम कर'ची मला आज लाज वाटते.

स्तनाचा कॅन्सर, काखेतल्या गाठीही काढलेल्या, पुढे केमो. आम्ही तिला जागचं हलू दिलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा मी तिच्या हातून काढून घ्यायची. भेटायला येणाऱ्या खाला, मामी, सगळ्यांचं एकच म्हणणं, उठू नकोस, थकशील. घरी सोडताना मिळालेल्या कागदांत व्यायामाच्या चित्रांचा एक कागद होता. 'प्रश्न नीट वाचा' म्हणून वर्गात रोज ओरडणाऱ्या मी तो न वाचताच औषधांच्या पिशवीत ठेवून दिला होता.

पुढच्या तपासणीला फिजिओथेरपीच्या बाईंनी हात पाहिला आणि विचारलं, "व्यायाम कोण करून घेतं?" आम्ही दोघी गप्प. हात वापरला नाही की खांदा आखडतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चालवायची, पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या स्वयंपाकघरातली पहिली खूण आपाच्या खांद्याच्याही खाली होती. ती रडली. मी शेजारी तारीख लिहिली.

केमो सुरू झाल्यावर थकवा आला. हा थकवा झोपून जात नाही. उलट थोडं थोडं चालण्याने तो कमी होतो, असं डॉक्टर म्हणाले. मग गच्चीवर पाच मिनिटं. अम्मी माझ्यावर चिडली, "पोरीला केमो चालू आणि तू तिला फेऱ्या मारायला लावतेस?" ताप असेल किंवा रक्त फार कमी झालं असेल त्या दिवशी मात्र सुट्टी. आजार हाडांत पसरला असेल तर कोणते व्यायाम चालतील हे आधी डॉक्टरांनाच विचारावं लागतं. नंतर आम्ही फज्रनंतर रस्त्यावर चालू लागलो. भाईजानना ते आवडलं नाही. लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. बुरखा घालून, पायात शूज घालून दोन बहिणी चालल्या तर लोक काय म्हणणार? काही म्हणाले नाहीत. समोरच्या चाची मात्र आठवड्याभरात आमच्यात सामील झाल्या.

वजन उचललं की हात सुजतो, ही भीती मलाही होती. पण २००९ साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास झाला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवलं तेव्हा सूज वाढली नाही. आपाने फिजिओथेरपीच्या बाईंना विचारून पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून सुरुवात केली.

२०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचाही एक अभ्यास प्रसिद्ध झाला, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ८८९ रुग्णांचा. केमोनंतर निम्म्यांकडून तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करून घेतला, बाकीच्यांना माहितीपुस्तिका दिली. आठ वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्यांतले सुमारे ९० टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ८३. मी हे आपाला वाचून दाखवलं आणि हेही सांगितलं की तुझा आजार वेगळा, हे आकडे तुला तसेच लागू होत नाहीत. ती म्हणाली, "मला कपडे वाळत घालता येतात, तेवढं सध्या पुरे."

तिसऱ्या महिन्यात तकबीरचा हात खांद्यापर्यंत गेला, अल्हम्दुलिल्लाह. सज्द्यात अजून ओढ बसते. ईदच्या आधी घराला रंग दिला, तेवढी भिंत आम्ही सोडली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. रात्री तिला झोप लागत नाही, मलाही. फज्रनंतर मात्र ती शूज घालून दारात उभी असते, आणि मला उशीर झाला की हाका मारते.